पावसाच्या ग्रुपात शिरलेले साडेसहाशे

प्रश्न :

ताई, मी चिपळूणचा. वय ६९, पाटबंधारे खात्यातून निवृत्त. गच्चीवर पर्जन्यमापक बसवला आहे. रोज सकाळी साडेआठला मोजतो आणि आकडा व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकतो. सोबत वाशिष्ठीच्या पाण्याबद्दल दोन ओळी. २०२१ च्या पुरानंतर हे सुरू केलं. सुरुवातीला शेजारपाजारचे होते, मग वाढत वाढत २१२ लोक झाले. गेल्या पावसाळ्यात एका स्थानिक मंडळाने ग्रुपची लिंक त्यांच्या पानावर टाकली आणि दोन महिन्यांत आकडा ८७१ वर गेला. खरं सांगतो, मला फार बरं वाटलं. बायको म्हणाली, आता तुम्ही हवामान खात्याला मागे टाकणार.

मग ग्रुपवर कर्जाच्या आणि शेअरच्या जाहिराती येऊ लागल्या. मी सेटिंग बदलून फक्त ॲडमिनला बोलता येईल असं केलं. जाहिराती थांबल्या, मी निश्चिंत झालो. आता गेल्या महिन्यात आमच्या ग्रुपमधल्या एक निवृत्त परिचारिका घरी आल्या. त्यांना कोणीतरी शेअरच्या दुसऱ्या ग्रुपमध्ये घेतलं, त्यात त्यांचे ३८ हजार गेले. शिवाय दोघांना माझा फोटो लावलेल्या नंबरवरून पैशाची मागणी आली. हे सगळं माझ्या ग्रुपमधून झालं असावं असं मुलगा म्हणतो. नवीन आलेल्या साडेसहाशेंना सरसकट काढून टाकावं तर त्यात एखादा खरा माणूस असला तर? कोणाला न विचारता हाकलणं बरं दिसत नाही. उद्या पोलीस ॲडमिन म्हणून मलाच धरतील का? बायको म्हणते, वैताग आला, सोडून द्या तो ग्रुप. काय करू?

— आकडेवाला, चिपळूण

उत्तर :

काका, नमस्कार.

तुमच्या शेवटच्या वाक्याचं उत्तर पहिल्यांदा देते, कारण त्याची घाई आहे. ग्रुप सोडू नका. काकूंचा वैताग मला शंभर टक्के पटतो, पण तुम्ही त्या ग्रुपचे एकटे ॲडमिन असाल आणि बाहेर पडलात, तर व्हॉट्सॲप उरलेल्यांपैकी कोणालातरी आपोआप ॲडमिन करतं. त्या ८७१ पैकी कोणालाही. म्हणजे तुम्ही किल्ली उंबऱ्यावर ठेवून गावाला गेल्यासारखं होईल. घरावर पाटी तुमची आणि आत कोण, ते देव जाणे. तेव्हा वैतागलात तरी आत बसूनच वैतागा.

आता ती साडेसहाशे मंडळी. तुम्ही आयुष्यभर पाणी मोजलंत, तर तुमच्याच भाषेत सांगते. पर्जन्यमापकात गच्चीवरच्या टाकीचं पाणी सांडलं तर आकडा वाढतो, पाऊस वाढत नाही. २१२ हा पाऊस होता. वरचे ६५९ म्हणजे टाकी भरून वाहिली. त्यात चार-दोन थेंब खरे असतीलही, त्यांच्याकडे मी येतेच. पण तुम्हाला बरं वाटलं त्याची लाज बाळगू नका. आपलं कोणी ऐकतंय हे दिसलं की कोणालाही बरं वाटतं, आणि ही माणसं नेमकी त्या बरं वाटण्यावर जगतात. आकडा वाढतोय म्हटल्यावर दारात कोण उभा आहे हे वाकून बघायचं आपण टाळतो.

माझंच सांगते. आमच्या शाळेच्या बॅचचा ग्रुप आहे, साठेक जण. त्यात एकदा कुणी 'राहुल' नावाचा आला. प्रत्येकाला वाटलं, तो दुसऱ्या कोणाचातरी ओळखीचा. एकीला वाटलं अमुकचा भाऊ, दुसऱ्याला वाटलं 'ब' तुकडीतला. तीन महिने तो गप्प बसून होता. एका मुलीने त्याला वाढदिवसाच्या शुभेच्छासुद्धा दिल्या, त्याने हात जोडले. मग आमच्यातल्या सहा-सात जणींना घरबसल्या कामाचे निरोप येऊ लागले, तेव्हा कुठे कोणीतरी विचारलं, "हा राहुल कोण?" साठ माणसांपैकी एकालाही सांगता आलं नाही. मी स्वतः ॲडमिन होते. विचारायला मलाही संकोच वाटला होता. भीड भिकेची बहीण म्हणतात ते उगाच नाही.

ह्या 'राहुल'मध्येच तुमच्या प्रश्नाची मेख आहे. तुम्ही सेटिंग बदलून सगळ्यांची तोंडं बंद केलीत आणि जाहिराती थांबल्या. पण काका, जाहिराती टाकणारे हे त्यातले बावळट. हुशार तो, जो एक अक्षर बोलत नाही. त्याला तुमच्या ग्रुपवर काही बोलायचंच नसतं. ग्रुपच्या नावावर बोट ठेवलं की सभासदांची यादी उघडते. त्यात प्रत्येकाचा नंबर, बहुतेकांनी ठेवलेलं नाव, बऱ्याच जणांचा फोटो. हे सगळं पाच मिनिटांत उतरवून घेता येतं आणि त्यासाठी तोंड उघडावं लागत नाही. तुमच्या यादीत तर त्याला आणखी फुकटचं ज्ञान मिळालं. ही माणसं एकाच गावची आहेत. बरीच वयस्क आहेत. एका फोटोवर, म्हणजे तुमच्यावर, त्यांचा विश्वास आहे. आणि नदीच्या पाण्याची त्यांना भीती आहे. बाजारात नुसत्या नंबरांना फारशी किंमत नसते, असल्या नंबरांना असते.

त्यामुळे एक गोष्ट जरा परखडपणे सांगते. तो ग्रुप तुमचा आहे असं तुम्ही म्हणता, पण आकडा तेवढा तुमचा आहे. बाकी ती २१२ माणसांच्या फोन नंबरांची उघडी वही आहे आणि ती तुमच्या ओटीवर ठेवलेली आहे. अनोळखी माणसाला 'न विचारता हाकलणं बरं दिसत नाही' असं तुम्ही लिहिता. त्या परिचारिका बाईंची वही कोणा अनोळखी माणसाने चाळलेली कशी दिसते? शिष्टाचार पाळायचाच तर त्यांच्या बाजूने पाळा.

हे लोक आले कसे, ह्याचा फार शोध घेऊ नका. मंडळाने लिंक टाकली ती चांगल्या मनाने टाकली असणार, त्यांच्याशी भांडू नका. व्हॉट्सॲप ग्रुपची लिंक म्हणजे नाव-गाव न विचारता उघडणारा दरवाजा, आणि ती एकदा सगळ्यांना दिसेल अशा जागी पडली की ती वेचणारी यंत्रं फिरत असतात. फेब्रुवारी २०२० मध्ये तर नुसतं गुगलवर शोधलं तरी अशा ग्रुपांच्या दुव्यांचे सुमारे ४ लाख ७० हजार निकाल येत होते. त्यात खाजगी समजून चालवलेले कितीतरी ग्रुप होते. पुढे ते गुगलवरून हटवले गेले, पण लोकांनी लिंका उघड्यावर टाकायचं काही थांबवलेलं नाही.

तेव्हा कामाला लागू. आज संध्याकाळी, चहा झाला की, आधी नळ बंद करा, फरशी नंतर पुसू. ग्रुपच्या माहितीच्या पानावर लिंकने बोलावण्याचा पर्याय आहे, त्यात 'रीसेट लिंक' असं दिसेल. ते दाबलं की जुनी लिंक मेली. मंडळाच्या पानावर ती हजार वर्षं राहिली तरी कोणी आत येणार नाही. मग ग्रुपच्या परवानग्यांमध्ये जाऊन दोन गोष्टी करा. नवीन माणसाला ॲडमिनची मंजुरी लागेल असं ठेवा, आणि सभासदांना परस्पर कोणाला आत घेता येणार नाही असं करा. बोटं अडखळली तर मुलाला बसवा शेजारी, पण दाबा तुम्ही. मुलाने केलं तर पुढच्या वेळी पुन्हा त्याची वाट बघाल.

हे झालं की जुन्या ग्रुपवर एक ध्वनिसंदेश टाका. लिहू नका, बोला. तुमचा फोटो कोणीही लावू शकतो, तुमच्यासारखं मराठीही लिहू शकतो. पण पाच वर्षं ज्यांनी तुम्हाला रस्त्यात भेटून "काय काका, आज किती?" विचारलंय, त्यांना तुमचा आवाज कळतो. सांगा की मी कोणाकडे पैसे मागत नाही, कोणाला शेअर सांगत नाही, माझा एकच नंबर आहे आणि त्याचे शेवटचे चार आकडे हे. माझ्या फोटोच्या दुसऱ्या नंबरवरून काही आलं तर त्या नंबरला उत्तर न देता मला फोन करा. आणि ग्रुपवर किंवा खाजगीत 'पूरग्रस्त यादी', 'लग्नपत्रिका', 'वाहन चलान' अशा नावाची फाईल आली आणि नावाच्या शेवटी एपीके असं असेल तर तिला बोट लावू नका. तो कागद नसतो, फोनमध्ये बसणारं ॲप असतं. एकदा ते बसलं आणि तुम्ही ते मागेल त्याला 'हो' म्हणत गेलात, की बँकेचा ओटीपीसुद्धा परस्पर वाचला जातो. चिपळूणच्या माणसाला जुलै महिन्यात 'पूरग्रस्त यादी' उघडू नको म्हणणं किती अवघड आहे, मला कळतं. म्हणून तुमच्या आवाजात सांगा.

आता साफसफाई. ६५९ माणसं एकेक करून काढायची म्हटलं तर बोट दुखेल, आणि खरा-खोटा ओळखता ओळखता चोर सोडून संन्याशाला फाशी व्हायची. फोटो नाही म्हणून खोटा म्हणावं, तर आपल्याकडे अर्ध्या काकवांचा फोटो नसतो, नाहीतर गुलाब असतो. परदेशी नंबर म्हणून खोटा म्हणावं, तर तुमच्या त्या यादीत दुबई, मस्कत आणि कुवेतचे कितीतरी नंबर अस्सल कोकणातले निघतील. आखातात काम करणारा माणूस पावसाळ्यात सकाळी उठून आधी घराकडचं पाणी विचारतो. त्याला काढलंत तर मात्र खरंच बरं दिसणार नाही. म्हणून ह्या यादीत चाळणी लावतच बसू नका. नवं घर बांधा आणि ज्याला यायचंय त्याला यायला सांगा.

माझ्या मते तुम्हाला एक नव्हे, दोन गोष्टी लागतील, कारण तुम्ही आजवर दोन वेगळी कामं एकाच भांड्यात शिजवत होतात. एक काम म्हणजे आकडा सांगणं. ते जितक्या जास्त लोकांना कळेल तितकं चांगलं, त्यात लपवायचं काही नाही. दुसरं काम म्हणजे गप्पा. "आमच्या पेठमापला गटार तुंबलंय", "बहादूरशेख नाक्याला पाणी आहे का", हे ओळखीच्या माणसांचं बोलणं.

आकड्यासाठी व्हॉट्सॲपचं चॅनल काढा. २०२३ च्या सप्टेंबरपासून ही सोय आपल्याकडे आहे, 'अपडेट्स'च्या पानावर मिळेल. त्यात तुम्ही सांगायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. मुख्य म्हणजे ऐकणाऱ्यांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत आणि त्यांना तुमचाही दिसत नाही. गंमत बघा, तिथे उद्या दहा हजार बोगस मंडळी येऊन बसली तरी त्यांच्या हाती काय लागेल? चिपळूणला काल ८४ मिलिमीटर पडला, एवढंच. बसू देत बापडे. म्हणजे ज्या माणसांशी तुम्ही आत्ता लढायला निघालात, त्यांच्यापासून लपवण्यासारखं काही नसलेल्या जागी गेलात की लढाईच राहत नाही. चॅनलची लिंक मंडळाला द्या, पेपरात छापा, बाजारपेठेत फलकावर लावा. फक्त एक ध्यानात ठेवा, चॅनलवरचे निरोप व्हॉट्सॲप आपल्याकडे तीसच दिवस ठेवतं. तुमची नोंदवही चालूच असेल म्हणा. पाटबंधारे खात्यातला माणूस वही सोडत नाही.

ब्रॉडकास्ट यादीचं, म्हणजे एकच निरोप अनेकांना सुटा सुटा पाठवण्याच्या सोयीचं, तुम्हाला कोणीतरी सुचवेल, म्हणून आधीच सांगते. तिथेही नंबर लपतात, पण एका यादीत २५६ च माणसं मावतात आणि ज्याने तुमचा नंबर आपल्या फोनमध्ये साठवलाय त्यालाच निरोप पोचतो. तुमच्या २१२ ला ती पुरेल. पण ज्या वर्षी नदी फुगेल त्या वर्षी ती पुरणार नाही, आणि त्याच वर्षी तुमची खरी गरज.

गप्पांसाठी मात्र नवा ग्रुप, लहान. त्यात लिंकने कोणी यायचं नाही. जुन्या ग्रुपवर लिहा की नव्या ग्रुपात यायचं असेल त्याने मला खाजगीत निरोप करावा, नाव आणि राहण्याचं ठिकाण कळवावं, आणि एका प्रश्नाचं उत्तर द्यावं : २२ जुलै २०२१ ला तुमच्या घरी पाणी कुठपर्यंत आलं होतं?

काका, मोठमोठ्या संस्थळांवर आपण माणूस आहोत हे सिद्ध करायला सिग्नलच्या चित्रांवर टिचक्या माराव्या लागतात. त्यापेक्षा तुमचा हा प्रश्न हजारपट भारी. खऱ्या चिपळूणकराला विचारून तर बघा. तो एक ओळ लिहिणारच नाही. किती वाजता पाणी आलं, किती पायऱ्या बुडल्या, फ्रीज कसा तरंगला, कोणाच्या माडीवर रात्र काढली, गॅस सिलिंडर कुठे सापडला, सगळं सांगेल. ज्याचं घर उंचावर होतं तो सांगेल की आमच्याकडे किती जण राहायला आले. मस्कतवाला सांगेल की मी इथे होतो आणि दोन दिवस घरचा फोन लागत नव्हता. आणि यंत्राने चालणारा नंबर काय लिहील? "येस सर, इंटरेस्टेड." कोणाला घ्यायचं, ते तुम्हाला मुलाला विचारावं लागणार नाही.

उत्तर न देणारे काही खरेही असतील. आळशी असतील, निरोप वाचला नसेल. त्यांना चॅनल आहेच. कोणाचंही दार बंद होत नाही, फक्त दुसऱ्यांच्या नंबरांपर्यंत जायचं दार बंद होतं. म्हणजे बरं दिसत नाही हा प्रश्नही मिटला.

जुन्या ग्रुपचं काय? महिनाभर तो तसाच ठेवा, बोलणं बंद, रोज सकाळी आकड्याऐवजी चॅनलची लिंक. मग नावापुढे 'बंद' असं लिहा, फोटो काढून टाका. सवड होईल तशी रोज वीस-पंचवीस माणसं काढत राहा, जपमाळ ओढल्यासारखी. सगळी संपली की शेवटी तुम्ही बाहेर पडा आणि ग्रुप पुसून टाका. 'चिपळूण पाऊस नोंद - अधिकृत' अशा नावाचा, तुमचाच फोटो लावलेला जुळा ग्रुप कोणी काढला तर तो व्हॉट्सॲपला रिपोर्ट करा, तुमच्या दहा-वीस माणसांनाही करायला सांगा. रिपोर्ट केल्यावर त्या ग्रुपमधले अलीकडचे निरोप व्हॉट्सॲपकडे जातात. ज्याच्याविरुद्ध केला त्याला कळत नाही, तेव्हा घाबरायचं कारण नाही.

एक कटू गोष्टही सांगून टाकते. ज्यांचे नंबर गेले ते गेले. तुम्ही कितीही माणसं काढलीत तरी त्यांनी उतरवून घेतलेली यादी परत येत नाही. म्हणून त्या २१२ जणांना आपापल्या फोनमध्ये एक काम करायला लावा. गोपनीयतेच्या सेटिंगमध्ये 'मला ग्रुपमध्ये कोण घेऊ शकतं' असं आहे, तिथे 'माझे संपर्क' निवडायचं. मग ऊठसूट कोणालाही त्यांना शेअरच्या ग्रुपात ओढता येत नाही. परिचारिका बाईंच्या फोनमध्ये हे केलेलं असतं तर कदाचित ती वेळ आली नसती. पुढच्या रविवारी त्यांच्यासारख्या चार जणींना घरी बोलवा आणि मुलाकडून प्रत्येकीच्या फोनमध्ये करून घ्या. काकूंना पोहे करावे लागतील, त्याबद्दल क्षमस्व.

त्या बाईंबद्दल मात्र दोन शब्द जास्त. तुम्ही त्यांच्या घरी जा, बोलावून घेऊ नका. पैसे गेले की माणसाला पैशांपेक्षा शरमेने जास्त गिळलेलं असतं, आणि नोकरीत आयुष्यभर दुसऱ्यांना धीर दिलेल्या बाईला तर फारच. त्यांना सांगा की ह्या शेअरच्या ग्रुपांमध्ये 'मला आज एवढा नफा झाला, सरांचे आभार' म्हणणारे जे पन्नास जण असतात ते बहुतेक त्याच टोळीचे असतात. त्या एकट्याच तिथे खऱ्या होत्या. सुरुवातीला थोडा नफा ॲपवर दाखवतात, एखादवेळ थोडे पैसे परतही देतात. मग मोठी रक्कम भरली आणि काढायला गेलं की 'आधी कर भरा' म्हणतात. त्यांना असं काही सांगितलं असेल तर आता एक रुपयाही भरायचा नाही.

१९३० हा सायबर गुन्ह्यांचा मदत क्रमांक आहे. पैसे गेल्या गेल्या तिथे फोन केला तर समोरच्या खात्यात रक्कम अडवण्याची शक्यता असते, म्हणून पहिले काही तास सोन्याचे. बाईंचे ते तास निघून गेलेत, तरी तक्रार करायचीच. सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन ह्या सरकारी संकेतस्थळावर नोंदवता येते, बँकेलाही लेखी कळवा. ग्रुपचे, ॲपचे, पैसे पाठवल्याचे स्क्रीनशॉट आधी काढून ठेवा, मग त्या ग्रुपमधून बाहेर पडा. पुष्कळ जण रागाने आधी सगळं पुसतात आणि मग हातात काहीच राहत नाही. ज्या नंबरने तुमचा फोटो लावलाय, त्याची माहिती दूरसंचार खात्याच्या 'संचार साथी' संकेतस्थळावरच्या 'चक्षू' ह्या सोयीवर देता येते. ती फसवणुकीच्या संशयासाठीच आहे, पैसे गेलेले असायची गरज नाही. आणि हो, थोड्या दिवसांनी बाईंना 'तुमचे बुडालेले पैसे काढून देतो, फी इतकी' असा फोन आला तर तोही त्याच माळेचा मणी. एकदा फसलेल्यांच्या याद्या वेगळ्या फिरतात.

तुम्ही पोलिसांचं विचारलंत. मी वकील नाही, पण एवढं ठाऊक आहे की २०२१ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ह्यावर निकाल दिलेला आहे. सभासदाने ग्रुपवर काही आक्षेपार्ह टाकलं, तर त्यासाठी केवळ ॲडमिन आहे म्हणून कोणाला गुन्हेगार धरता येत नाही. दोघांनी ठरवून संगनमताने केलं असेल तर गोष्ट वेगळी. तुम्ही काही संगनमत केलेलं नाही, पर्जन्यमापकाशी सोडून. तेव्हा झोप उडवून घेऊ नका. पोलिसांनी विचारलंच तर तुम्ही साक्षीदार म्हणून उपयोगी पडाल. म्हणूनच लोकांना काढायला सुरुवात करण्याआधी सभासदांच्या यादीचे फोटो काढून ठेवा. आधी नोंद, मग बदल, हे मी तुम्हाला काय शिकवणार.

मुलगा म्हणतो तसं हे सगळं तुमच्याच ग्रुपमधून झालं असेल का? माझ्यावरून ओळखते, तुम्ही रात्री हाच विचार करत असणार. असेलही. त्या बाईंचा नंबर आणखी दहा ठिकाणांहून गेलेला असू शकतो, कपड्यांच्या दुकानापासून दवाखान्याच्या वहीपर्यंत आपण तो कुठे कुठे देतो ह्याला काही हिशेब नाही. पण असेल असं धरूनच चाला, कारण करायचं काम दोन्ही बाबतीत तेच आहे. त्यांच्या घरी जाल तेव्हा "माझ्याकडून दार उघडं राहिलं" एवढं म्हणा. त्यापुढे स्वतःला बोल लावत बसू नका. बाईंना मग तुमचीच समजूत काढत बसावी लागेल.

बंद करा म्हणणाऱ्या काकूंना माझा नमस्कार सांगा. त्यांचा राग ग्रुपवर आहे की सकाळी साडेआठला चहा निवेपर्यंत गच्चीवर जाऊन उभं राहणाऱ्या नवऱ्यावर, ते मला लांबून कळत नाही. पण आकडा बंद करू नका. २४ तासांत ६५ मिलिमीटर ओलांडला की महसूल खातं त्याला अतिवृष्टी म्हणतं, आणि तुमच्याकडे त्याला 'आज बरा पडला' म्हणतात. हा फरक ज्याला कळतो असा माणूस गच्चीवर असलेला बरा.

आणि मलाही तुमच्या नव्या ग्रुपात घ्या. मी चिपळूणची नाही, पण माझी मावशी खेंडला राहायची. तिच्याकडे पाणी जिन्याच्या सातव्या पायरीपर्यंत आलं होतं आणि आठवीवर मांजर बसलं होतं. बाकीचं खाजगीत कळवते.